ओळखीचे भांडवल

पानिपत शहरानजीक काला अंब नावाचे ठिकाण आहे. ज्या आंब्यावरून हे नाव पडले तो केव्हाच नाहीसा झाला. आज तेथे स्मारकाचा स्तंभ उभा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी या परिसरात मराठ्यांची एक पिढी कापली गेली, हे प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असते. परंतु ती वार्ता नानासाहेब पेशव्यांस कशी कळली, हे पाहिले म्हणजे व्यापाराचे एक मर्म हाती लागते. परंपरा सांगते की, माळव्यात भेलशानजीक त्यांच्या हाती पडले ते एका सावकाराचे पत्र होते. युद्धाचा शब्दही न काढता, मोती आणि मोहरा गमावल्याच्या भाषेत त्यात सर्वनाश कळविला होता.

फौजेची व्यवस्था कोलमडली असता पेढीची डाक चालू राहिली, ती कशाच्या बळावर? परस्परांच्या ओळखीवर. एका शहरातील पेढीने लिहिलेली हुंडी शेकडो कोसांवरच्या शहरात वटत असे. ती आणणारा अनोळखी असला तरी चालत असे. लिहिणाऱ्याची पत मात्र वटविणाऱ्यास ठाऊक असावी लागे. नाणे न हलता पैसा हिंडे, आणि त्याच वाटेने बाजारभाव, मालाची आवक व रस्त्यांची खबर हिंडे. नव्या व्यापाऱ्यास परमुलखात गिऱ्हाईक मिळे ते जुन्या आडत्याच्या शिफारशीने.

भाऊसाहेबांच्या छावणीस असा आधार उरला नव्हता. सूरजमल जाट साथ सोडून गेला होता, रजपूत राजे अलिप्त होते, आणि डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची आशा खुंटली. मैत्री गरजेच्या दिवशी जोडू म्हटल्याने जुळत नाही.

हाच नियम आजच्या लहान उद्योजकासही लागू आहे. जाहिरात मालाचे नाव लोकांच्या कानी घालते. विश्वास मात्र ओळखीचा माणूसच देतो. म्हणून समव्यवसायी हा केवळ प्रतिस्पर्धी मानू नये. आपल्याकडे नसलेल्या मालासाठी गिऱ्हाईकास त्याच्याकडे पाठवावे. उद्या तोही पाठवील. दिलेली मुदत पाळावी, कारण शिफारस करणाराची पत आपल्या हाती गहाण असते. आणि काम नसतानाही विचारपूस ठेवावी.

खुद्द पानिपत याची साक्ष देते. १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासित विणकरांनी येथील हातमागास नवे बळ दिले, आणि आज येथील सतरंज्या, चादरी व घोंगड्या देशोदेशी जातात. सूत एकाचे, रंगणी दुसऱ्याची, विणकाम तिसऱ्याचे आणि विक्री चौथ्याची, अशा साखळीवर हा धंदा उभा आहे. साखळीतील एकाने शब्द मोडला, तर चौघांचा माल अडतो.

भांडवल कर्जाने उभे करता येते. पत मात्र ज्याची त्यालाच, दिवसामागून दिवस, जोडावी लागते.