सर्व्हरमधील अंतर्गत साठवण

सर्व्हरच्या पेटीतच बसविलेले ड्राइव्ह, ते ज्याच्या ताब्यात असतात तो कंट्रोलर आणि या दोहोंना जोडणाऱ्या केबल यांच्या रचनेला सर्व्हरमधील अंतर्गत साठवण असे म्हणतात. घरगुती संगणकात बहुधा एक-दोन ड्राइव्ह असतात. सर्व्हरमध्ये अनेक ड्राइव्ह एकत्र काम करतात आणि त्यांपैकी एखादा निकामी झाला तरी सेवा चालू राहावी, अशी अपेक्षा असते. त्यामुळे कोणता ड्राइव्ह कोणत्या खणात आहे आणि त्याची केबल कोणत्या पोर्टला जाते, याच्या नोंदीला विशेष महत्त्व आहे.

रचना

ड्राइव्ह सहसा पेटीच्या दर्शनी भागातील खणांत सरकवून बसविले जातात. खणांच्या मागे बॅकप्लेन ही पाटी असते. ती प्रत्येक ड्राइव्हला वीज पुरवते आणि माहितीचे संकेत केबलीमार्फत कंट्रोलरकडे पोहोचवते. या रचनेमुळे अनेक सर्व्हरमध्ये यंत्र बंद न करता ड्राइव्ह बदलता येतो.

ड्राइव्हचे प्रकार

साटा ड्राइव्हचा कमाल वेग सेकंदाला ६ गिगाबिट असून त्याच्या अंतर्गत केबलीची लांबी १ मीटरपर्यंत असते. सॅस ड्राइव्हमध्ये सेकंदाला १२ गिगाबिट वेग प्रचलित आहे. सॅस कंट्रोलरवर साटा ड्राइव्ह चालतो. मात्र साटा कंट्रोलरवर सॅस ड्राइव्ह चालत नाही. एनव्हीएमई ड्राइव्ह थेट पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने प्रोसेसरशी जोडले जात असल्याने अधिक वेगवान असतात.

केबलजोडणी

मिनी-सॅस केबलीच्या एका जोडातून चार मार्गिका जातात, म्हणून तिच्या दुसऱ्या टोकाला फाटे काढून चार ड्राइव्ह जोडता येतात. अशा फाटे असलेल्या केबली दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार कंट्रोलरकडून चार ड्राइव्हकडे जातो. दुसरा मदरबोर्डवरील चार साटा पोर्टांकडून बॅकप्लेनकडे जातो. दोन्ही सारख्याच दिसतात, पण आतील तारांची जुळणी वेगळी असल्याने एकीच्या जागी दुसरी लावल्यास ड्राइव्ह ओळखले जात नाहीत. काही केबलींसोबत खणांवरील सूचक दिव्यांसाठी स्वतंत्र तार असते. ती न जोडल्यास ड्राइव्ह चालतात, परंतु बिघडलेल्या ड्राइव्हचा दिवा लागत नाही.

रेड

अनेक ड्राइव्ह एकत्र बांधून बिघाडापासून संरक्षण मिळवण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली एका शोधनिबंधात ही संकल्पना मांडली. प्रत्येकी ४ टेराबाइटचे ६ ड्राइव्ह असल्यास रेड ५ मध्ये २० टेराबाइट जागा मिळते व एका ड्राइव्हचा बिघाड सहन होतो. रेड ६ मध्ये १६ टेराबाइट जागा मिळते व कोणत्याही दोन ड्राइव्हचा बिघाड सहन होतो. रेड १० मध्ये प्रत्येक ड्राइव्हची प्रत जोडीच्या ड्राइव्हवर राहत असल्याने १२ टेराबाइट जागा उरते.

रेड ५ मधील एक ड्राइव्ह बिघडल्यावर चुकून दुसरा, सुस्थितीतील ड्राइव्ह काढला गेला, तर संपूर्ण साठा बंद पडतो. म्हणून खणाचा क्रमांक, पोर्ट आणि ड्राइव्हचा अनुक्रमांक यांचा तक्ता आधीच तयार करतात, केबलींना चिठ्ठ्या लावतात आणि ड्राइव्ह काढण्यापूर्वी अनुक्रमांक पडताळून पाहतात. मावळ तालुक्यातील आंबी-तळेगाव परिसरासारख्या, अभियांत्रिकी महाविद्यालये व कारखाने असलेल्या भागांत प्रयोगशाळेतील किंवा कारखान्यातील छोट्या सर्व्हरची देखभाल वेळोवेळी वेगवेगळ्या व्यक्तींकडे जाऊ शकते. तेथे हा तक्ता विशेष उपयोगी पडतो.

मर्यादा

वीज अचानक गेल्यास कंट्रोलरच्या स्मृतीत असलेली, अद्याप ड्राइव्हवर न लिहिलेली माहिती नष्ट होऊ शकते. त्यासाठी अनेक कंट्रोलरना बॅटरी किंवा कपॅसिटरचा आधार दिलेला असतो.

रेड हा बॅकअपला पर्याय नाही. चुकून पुसलेली फाइल रेडमधील सर्वच ड्राइव्हवरून पुसली जाते. आग किंवा पूर आल्यास एकाच पेटीतील सर्व ड्राइव्ह एकदम नष्ट होऊ शकतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले. अशा आपत्तीत पेटीबाहेर, दूरच्या ठिकाणी ठेवलेली प्रतच माहिती परत मिळवून देते.