एक टाकी, दोन खाती आणि सभागृहातला प्रश्न

मुंबईतल्या उंच इमारतींमध्ये पाण्याचा काही साठा केवळ आगीसाठी राखून ठेवलेला असतो. ते पाणी प्यायचं नाही, वापरायचं नाही. महिनोन् महिने ते टाकीत नुसतं भरलेलं असतं, कारण गरज पडेल त्या रात्री ते तिथे असायलाच हवं. अग्निशमन दलाचा आग्रह एवढाच, की टाकी कधीही रिकामी सापडू नये. पण साठून राहिलेलं स्वच्छ पाणी अॅनॉफिलिस स्टीफन्सायला भारी मानवतं, आणि मुंबईत हिवताप पसरवणारा डास तोच. झाकणाला थोडीशी फट राहिली तरी मादीला आत शिरून अंडी घालता येतात. अंड्यापासून उडता डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचा माणूस शिडी चढून टाकीवर जातो, झाकण उघडतो आणि बॅटरीच्या उजेडात पाण्याचा पृष्ठभाग न्याहाळतो. अॅनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडवी पडलेली असते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिसची अळी डोकं खाली करून तिरकी लोंबकळत असते. काही मिलिमीटरचा तो जीव कसा पडला आहे एवढ्यावरून खाली राहणाऱ्या माणसांना कोणत्या तापाचा धोका आहे, हे त्या माणसाला कळतं! मला हे फार थक्क करणारं वाटतं.

आता गंमत बघा. एकाच टाकीबद्दल एक खातं म्हणतं भरलेली ठेवा, दुसरं म्हणतं घट्ट बंद ठेवा. दोघांचंही बरोबर आहे. पण पहिल्याची नोंद अग्निशमन दलाच्या फायलीत जाते, दुसऱ्याची आरोग्य खात्याकडे, आणि टाकीला गेलेला तडा इमारत विभागाचा विषय होतो. या तिन्ही फायली एकदम उघडायला लावण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यात एक असा माणूस असतो ज्याला आगीतलं किंवा डासांतलं शास्त्र शिकलेलं असण्याची काहीच अट नाही. तो म्हणजे वॉर्डातून निवडून आलेला नगरसेवक.

ही रचना आजची नाही. मुंबई महापालिका अजूनही 1888 च्या कायद्यावर चालते. त्याच्या घडणीत फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता. या कायद्याने सत्तेचे दोन भाग पाडले. कारभार चालवायचा आयुक्तांनी, आणि त्यांची नेमणूक सरकार करतं. पैसे मंजूर करायचे आणि जाब विचारायचा तो निवडून आलेल्यांनी. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला तर आयुक्तांना परत बोलवावं लागेल, इतकी ताकद त्यांच्या हातात आहे. कायद्याच्या 61 व्या कलमात महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. सांडपाण्याचा निचरा, धोकादायक रोगांना आळा आणि अग्निशमन दल ही सगळी त्या एकाच कलमात शेजारी शेजारी येतात. इच्छा असेल तर करा, अशी सवलत त्यात नाही. म्हणून नगरसेवक जेव्हा ‘हे का झालं नाही?’ असं विचारतो, तेव्हा तो महापालिकेला तिच्याच कायद्याची आठवण करून देत असतो.

सभागृहात हा प्रश्न वेगवेगळ्या वाटांनी येतो. कुणी लेखी प्रश्न देतं, कुणी ठरावाची सूचना आणतं. स्थायी समितीत एखाद्याने हरकतीचा मुद्दा काढला, की विषयपत्रिका बाजूला राहते आणि त्यावर चर्चा रंगते. फारच गंभीर घटना असेल तर सभा तहकुबीची सूचना येते. आयुक्त, प्रमुख अग्निशमन अधिकारी, कार्यकारी आरोग्य अधिकारी अशा जबाबदार माणसांकडून प्रशासनाचा खुलासा मागितला जातो. खुलासा पटला नाही तर समितीकडे हुकमी उपाय असतो: समोर आलेला प्रस्ताव राखून ठेवायचा. पैसे अडले की माहिती झपाट्याने हलते. आरडाओरडा टीव्हीवर दिसतो, पण खरं काम बहुतेक वेळा या राखून ठेवण्यातच होतं.

सगळे प्रश्न मात्र सारखे नसतात. ‘आगीबाबत प्रशासन काय करत आहे?’ असं विचारलं, तर ‘कार्यवाही सुरू आहे’ हे उत्तर तयारच असतं. तारीख आणि संख्या मागणारा प्रश्न असा टोलवता येत नाही. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यात अशा प्रश्नाची सोय आयतीच करून ठेवलेली आहे. इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र मालकाने किंवा सोसायटीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. सगळे त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. मग नगरसेवकाने एवढंच विचारायचं: माझ्या वॉर्डात अशा इमारती किती, जुलैचा फॉर्म किती जणांनी भरला, न भरणाऱ्यांपैकी किती जणांना नोटीस गेली आणि कोणत्या तारखेला? या एका प्रश्नाने वॉर्डातल्या सगळ्या पंप-हौद-नळ्यांची हजेरी घेतली जाते. आणि जुलै म्हणजे नेमका हिवताप-डेंग्यू वाढायला लागण्याचा महिना! डासांच्या अळ्या किती टाक्यांत सापडल्या, हाही प्रश्न त्याच कागदावर लिहिता येतो.

असे प्रश्न वेळेवर पडले नाहीत तर काय होतं, हे मुंबईने डिसेंबर 2017 मध्ये पाहिलं. 18 तारखेला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला आग लागून 12 कामगार गेले. पुढच्याच आठवड्यात, 29 तारखेच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली आणि 14 जण मेले. त्यांच्यातले बरेच जण जीव वाचवायला स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच धुराने गुदमरले. अशा जागेला खाद्यपदार्थांचा आरोग्य परवाना एका टेबलावरून मिळतो, अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र दुसऱ्यावरून, आणि गच्चीवरचं बांधकाम कायदेशीर आहे का हे तिसरं टेबल बघतं. त्यानंतर महापालिकेने आपलेच काही अधिकारी निलंबित केले. सभागृहात प्रश्नांचा भडिमार झाला. तो व्हायलाच हवा होता, पण त्या रात्रीच्या आधी.

आणि मग मुंबईत प्रश्न विचारणारेच उरले नाहीत. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक लांबत गेली, आणि पुढची जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते. कारभार त्यांचा, आणि त्या कारभाराचा जाब विचारण्याचे अधिकारही त्यांच्याकडेच. माणूस कितीही सचोटीचा असो, स्वतःविरुद्धच हरकतीचा मुद्दा कोण काढणार? 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं आणि 227 प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळाले. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला, कोण जिंकलं त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

एका सदस्याने तोंड उघडल्याने किती फरक पडतो याचं सर्वांत मोठं उदाहरण याच महापालिकेत घडलेलं आहे. गोव्यातल्या हडफड्यात जन्मलेले डॉ. अकासियो गाब्रियेल व्हिएगस मुंबईत डॉक्टरकी करत होते आणि महापालिकेचे सदस्यही होते. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात ताप आणि जांघेत गाठ आलेले रोगी त्यांनी स्वतः तपासले आणि हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. ते त्यांनी स्थायी समितीसमोर ठेवलं. बंदराचं शहर, सगळा व्यापार जहाजांवर. ‘प्लेग’ हा शब्द नुसता उच्चारला तरी बाजार हादरणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी त्यांनी तो उच्चारला. निदान खरं ठरलं.

पुढे जे झालं त्यात चुकाही भरपूर होत्या. प्लेग घाणीतून येतो या समजुतीने गटारं धुतली गेली, आगीच्या बंबासारखी इंजिनं लावून घरांवर पाण्याचे फवारे मारले गेले. ती छायाचित्रं आजही बघायला मिळतात. रोग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे संशोधक पॉल-लुई सिमोंने 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं, तोवर पाण्याचा तो मारा भलत्याच शत्रूवर चालला होता. पण निदान लवकर उघड झाल्यामुळे जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन मुंबईत आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. व्हिएगस यांनी पुढे स्वतःच्या हातांनी हजारो मुंबईकरांना लस टोचली. आणि समितीसमोर तो नकोसा शब्द उच्चारल्याला दहा वर्षं झाली तेव्हा, 1906 मध्ये, ते त्याच महापालिकेचे अध्यक्ष झाले.