सांधा आणि चिकटद्रव्य : घरच्या घरीं वाहन दुरुस्त करणारांसाठीं कांहीं विचार

शेतकऱ्याच्या दारांत आज जें वाहन उभें असतें, तें बैलगाडीप्रमाणें केवळ लांकूड व लोखंड यांचें केलेलें नसतें. ट्रॅक्टर, ट्रॉली, मोटारसायकल, क्वचित् एखादी जुनी जीप, या सर्वांत लोखंडाच्या जोडीला अॅल्युमिनियम, रबर, कांच आणि निरनिराळ्या जातींचें प्लॅस्टिक असतें. बैलगाडीचें चाक सांधण्यास चिकटद्रव्य कधींच लागलें नाहीं. सुतार तुंब्यांत आरे ठोकी, लोहार धांव तापवून चढवी, आणि ती निवतांना आकसली म्हणजे सारें चाक आपोआप आवळलें जाई. लाख, राळ, सरस हीं द्रव्यें आपल्या लोकांस ठाऊक होतीं. परंतु तीं चाकूच्या मुठी बसविण्याच्या व पेट्या जोडण्याच्या कामाचीं, ओझें वाहणाऱ्या चाकाचीं नव्हत. यामुळें कोणती वस्तु कशानें चिकटवावी याची पिढीजात समज आपणांपाशीं नाहीं, आणि बाजारांत मात्र नळ्या व डब्या यांची गर्दी उसळली आहे. दुकानदारास विचारावें, तर जी नळी अधिक खपते तीच तो पुढें सरकवितो.

नळी विकत घेण्यापूर्वीं सांध्याकडे नीट पाहावें. त्यावर ताण कोणत्या दिशेनें येणार हा पहिला प्रश्न. आमचें सारें आयुष्य दप्तरांत तिकिटें डकविण्यांत गेलें, म्हणून तोच दाखला देतों. कागदावर डकविलेलें तिकीट बोटानें बाजूस सरकवूं गेल्यास तसूभरही हालत नाहीं. पण तेंच कोपऱ्यास नख घालून सोललें, तर एका क्षणांत हातांत येतें. डिंक तोच, कागद तोच, फरक केवळ ओढण्याच्या दिशेचा. चिकटद्रव्य सरकविणारा ताण उत्तम सोसतें, सोलणारा ताण त्यास मुळींच सोसत नाहीं. ह्यासाठीं फुटलेले दोन तुकडे कडेस कड लावून जोडण्यापेक्षां मागून पत्र्याची पट्टी देऊन तिच्या रुंद पृष्ठभागावर चिकटवावे. दुसरा प्रश्न उष्णतेचा, आणि तिसरा तेल, डिझेल अथवा पाणी यांच्याशीं सांध्याचा संबंध येणार कीं काय हा.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पूर्वतयारीची. सांधे सुटतात त्यांपैकीं बहुतेक द्रव्य वाईट म्हणून सुटत नाहींत, तर खालीं तेलकट मळ राहिला म्हणून सुटतात. आपल्याकडे भाग रॉकेलनें किंवा डिझेलनें धुण्याची चाल आहे. त्यानें मळ निघतो खरा, परंतु मागें तेलाचा पातळ थर राहतो, व त्या थरावर कांहींच धरत नाहीं. साबणाच्या पाण्यानें धुवावें, वाळवावें, मग घासपेपरानें पृष्ठभाग खरबरीत करावा आणि शेवटीं स्पिरिट किंवा थिनरनें पुसून घ्यावा. हें करतांना जवळ विडी अथवा चूल नसावी. पुसल्यानंतर त्या जागीं बोटही लावूं नये, कारण बोटास नैसर्गिक तेल असतें.

आतां द्रव्यांकडे वळूं. धातूच्या कामास सर्वांत भरंवशाचें तें एपॉक्सी. अॅरल्डाइट या नांवानें तें १९४६ सालीं स्वित्झर्लंडमध्यें प्रथम लोकांपुढें आलें. दोन नळ्या असतात, एकींत राळ व दुसरींत तिला कठीण करणारें द्रव्य. वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणांतच दोन्ही घ्यावीं व पूर्ण एकजीव होईतों घोटावीं. जास्त द्रव्य घातलें म्हणजे लवकर व पक्कें बसेल अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. उरलेलें द्रव्य कोणाशींच संयोग पावत नाहीं व सांधा कायमचा नरम राहतो. पांच मिनिटांत घट्ट होणारा प्रकारही मिळतो, पण वेळ असेल तर सावकाश बसणारा घ्यावा व एक अहोरात्र त्यास हात लावूं नये. एम-सील म्हणून मिळणारी कणकेसारखी लगदी ही याच जातीची. भोंक बुजविण्यास व झिजलेली जागा भरून काढण्यास ती चांगली.

परंतु एपॉक्सीस उष्णतेचें वावडें आहे. घरगुती वापराच्या साध्या प्रकाराचा जोर साठ ते ऐंशी अंश सेल्सिअसच्या सुमारास ओसरूं लागतो. इंजिनांतील पाणी नेहमींच ऐंशीच्या वर असतें, म्हणून रेडिएटरच्या गळतीवर लावलेली लगदी गांवापर्यंत पोंहोचण्यापुरती समजावी, हंगाम काढण्यापुरती नव्हे. सायलेन्सरवर तर ती लावूंच नये.

येथें एक हकीकत सांगणें अवश्य आहे. आमच्या बाजूस उंसाच्या एका हंगामांत एका तरुणाच्या ट्रॅक्टरच्या ब्रेकचें अस्तर सुटलें. तालुक्यास जाऊन नवें आणावें, तर एक दिवस मोडणार व टोळीची मजुरी अंगावर बसणार. त्यानें तें अस्तर घरींच एपॉक्सीनें चिकटविलें. दोन दिवस ब्रेक उत्तम लागला. तिसरे दिवशीं भरल्या ट्रॉलीसह उतार उतरतांना ब्रेक वारंवार दाबावा लागला, आंतील भाग तापला, आणि अस्तर सपशेल निघून आलें. ट्रॉली ओढ्याच्या बांधावर आदळली. वर बसलेल्या मजुराचा पाय गुडघ्याखालीं तोडावा लागला. तो मजूर दुसऱ्या जिल्ह्यांतून उचल घेऊन आलेला होता. ती उचल कोणी फेडावी, यावर पुढें वर्षभर वाद चालला. कारखान्यांत ब्रेकचें अस्तर चिकटवितात हें खरें आहे, पण तेथें द्रव्य निराळें असतें व तें भट्टींत तापवून आणि दाबून पक्कें करितात. पुष्कळ ठिकाणीं तर रिव्हेटच मारितात. म्हणून ब्रेक, सुकाणूचे दांडे, चाकांचे नट, ट्रॉलीची हूक व पिन या पांच ठिकाणीं कोणतेंही चिकटद्रव्य दुरुस्तीचें साधन मानूं नये. मोटारीची पुढली कांचही त्यांतच धरावी. ती ज्या पॉलियुरेथेननें बसविलेली असते, तें गाडीच्या सांगाड्यास बळकटी देतें, व तें काम माहितगाराचें आहे.

टाकी गळूं लागल्यास प्रथम कारण शोधावें. मोटारसायकलच्या टाकीस टांचणीएवढें भोंक दिसतें, तेव्हां भोंवतालचा पत्राही आंतून गंजानें खाल्लेला असतो. रस्त्यांत अडचण पडल्यास कपडे धुण्याचा साबण ओला करून दाबून बसवावा. पेट्रोलमध्यें तो विरघळत नाहीं व घरापर्यंत निभावतें. नंतर टाकी पूर्ण रिकामी करून, कोरडी करून मग एपॉक्सी लावावें. पेट्रोल पाझरत असतां तें धरत नाहीं. रिकामी टाकी निर्धोक असते असें मात्र समजूं नये. आंत उरलेली वाफ भरल्या टाकीहून अधिक घातक असते. झाळण करणाराकडे टाकी न्यावयाची, तर तो ती आधीं कशी धुतो हें विचारूनच न्यावी.

ट्यूबचें पंक्चर हें काम पुष्कळजण घरींच करितात, परंतु घाईनें बिघडवितात. रबराचें सोल्युशन हें ओलें असतांना चिकटविण्याचें द्रव्यच नव्हे. ट्यूब घासून स्वच्छ करावी, सोल्युशनचा पातळ थर ठिगळाहून अंमळ मोठ्या जागेवर पसरावा, आणि त्यांतील द्रावक उडून जाईतों स्वस्थ बसावें. बोटाच्या पाठीस तें चिकटेनासें झालें म्हणजे ठिगळ लावून मध्यापासून कडेकडे दाबीत जावें. ओल्यावर लावलेलें ठिगळ आंतल्या आंत द्रावक कोंडून धरतें व दुसऱ्या दिवशीं कडेनें उचलतें. ट्रॅक्टरच्या मागील चाकांत वजनासाठीं पाणी भरलेलें असल्यास ट्यूब वाळविण्यास वेळ द्यावा. आणि ठिगळ लावण्यापूर्वीं टायरच्या आंतून हात फिरवून बाभळीचा कांटा शोधावा. तो राहिल्यास दोष सोल्युशनच्या माथीं येतो.

झटपट चिकटणारें द्रव, ज्यास लोक फेव्हिक्विक म्हणून ओळखतात, तें सायनोअॅक्रिलेट. अमेरिकेंत कोडॅक कंपनीच्या हॅरी कूव्हर या रसायनज्ञास तें १९४२ सालीं आढळलें. विक्रीस १९५८ सालीं आलें. हवेंतील व पृष्ठभागावरील दमटपणानें तें कठीण होतें. एक थेंब पुरे. जाड थर दिल्यास बसण्यास उलट वेळ लागतो. दिव्याचें कठीण प्लॅस्टिक किंवा रबरी पट्टीची चीर जोडण्यास तें ठीक, परंतु धक्के व हादरे त्यास सोसत नाहींत, भोंक तें भरत नाहीं, आणि ट्रॅक्टर म्हणजे चालता हादराच. तें सुती कपड्यावर सांडूं देऊं नये. सुताशीं संयोग होतांच तें इतकें तापतें कीं कातडी भाजते.

प्लॅस्टिक जोडण्यापूर्वीं तो भाग उलटा करून मागील अक्षरें पाहावीं. पीपी किंवा पीई अशीं रोमन अक्षरें उठविलेलीं असतील, तर साधें कोणतेंही चिकटद्रव्य त्यावर धरणार नाहीं. मोटारींचे पुष्कळसे बंपर व बॅटरीच्या पेट्या याच जातीच्या. असा भाग उष्णतेनें वितळवून जोडावा, अथवा भोंकें पाडून तारेनें शिवावा. पण बॅटरीची पेटी फुटल्यास तिच्या वाटेस जाऊंच नये, आंत गंधकाचें तेजाब असतें.

इंजिनाच्या झांकणाखालीं गॅस्केटऐवजीं सिलिकोन लावण्याचा प्रघात पडला आहे. तेलास तें चालतें, पेट्रोलास नाहीं. त्याची बारीक दोरीएवढी रेघ पुरे. मिस्त्री जाड लपेडा देतात, तो दाबला जाऊन निम्मा आंत शिरतो, सुटून तेलाच्या गाळणींत अडकतो, व तेलावांचून इंजिन जाम होतें. हादऱ्यानें ढिले होणारे लहान स्क्रू व बोल्ट यांसाठीं निराळा द्रव मिळतो. धातूच्या पेंचांत हवा न मिळाल्यासच तो घट्ट होतो, म्हणूनच त्याची बाटली अर्धी रिकामी दिसते; दुकानदारानें कमी भरलें असें समजून भांडूं नये. सामान्यतः निळा घ्यावा. तांबडा लावलेला बोल्ट सुमारें अडीचशें अंशांपर्यंत तापविल्यावांचून सुटत नाहीं.

नळ्या मुलांच्या हातीं लागणार नाहींत अशा थंड जागीं ठेवाव्या व विकत घेतल्याची तारीख वर लिहावी. झटपट द्रवानें बोटें जुळून गेल्यास ओढूं नये. कोमट साबणाच्या पाण्यांत भिजवून हळूहळू लोळवीत सोडवावीं. पापण्या जुळल्यास मात्र घरगुती उपाय न करितां दवाखाना गांठावा.