वात कोरडी पडते तेव्हा

व्हेपचे, म्हणजे ई-सिगारेटचे, बटण दाबून झुरका घेतला आणि वाफेऐवजी करपलेल्या कापसाची उग्र चव घशाला लागली, की नवखा माणूस आधी बॅटरीला दोष देतो, मग द्रवाच्या बाटलीला. बहुतेक वेळा दोघीही निर्दोष असतात. घोटाळा असतो तो तीनेक मिलिमीटर जाडीच्या वातीत, किंवा तिच्याभोवती गुंडाळलेल्या साडेसात सेंटिमीटर तारेत.

भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात यांवर २०१९च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे ही गोष्ट मुख्यतः ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेतली. तिथे अनेक जण सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे वळले, आणि त्यांतल्या काहींना यंत्र उघडून पाहण्याचाच नाद लागला. चिनी औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचा पाया घातला, तेव्हा द्रवाचे तुषार करायला त्यांनी श्राव्यातीत कंपनांचा उपयोग केला होता. पुढे रूढ झाली ती त्याहून साधी रीत: तापणारी तार आणि तिच्या पोटातली भिजलेली वात. कारखान्यातून येणाऱ्या बंद कॉइलमध्ये हे दोन्ही आधीच बसवलेले असते. खराब झाले की फेकायचे. पुन्हा बांधता येणाऱ्या यंत्रात मात्र तार वळण्यापासून कापूस ओवण्यापर्यंत सगळे काम वापरणाऱ्याच्या हाती असते. साहजिकच चुकाही त्याच्याच.

तारेपासून सुरुवात करू. नवशिके सहसा कँथलची तार घेतात. हा लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू. दुसरी ओळखीची तार नायक्रोमची. अल्बर्ट मार्श या अमेरिकी संशोधकाला १९०६मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि घरोघरचे टोस्टर, शेगड्या, हीटर तिच्यामुळे शक्य झाले. २६ गेजची, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर जाडीची कँथल तार दर मीटरला सुमारे ११ ओहम रोध देते. तीन मिलिमीटरच्या सळईवर तिचे सहा वेढे घेतले, तर दोन्ही टोकांचे पाय धरून कॉइलचा रोध ०.८ ओहमच्या आसपास येतो. पूर्ण चार्ज झालेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो. ओहमचा नियम लावला की उत्तर मिळते: पाच अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह आणि २२ वॅट उष्णता. अशा दोन कॉइल समांतर जोडल्या की रोध निम्मा आणि प्रवाह दुप्पट, दहा अँपिअरच्या वर. हे गणित तार वळण्यापूर्वी करायचे असते, नंतर नव्हे.

यंत्राच्या पडद्यावरचा रोधाचा आकडा बरेच काही सांगतो. तो ०.८वरून १.१वर आणि पुन्हा ०.८वर असा उड्या मारत असेल, तर स्क्रूखाली तारेचा पाय ढिला आहे. आकडा अपेक्षेपेक्षा फारच खाली आला, तर पायाचे कापायचे राहिलेले टोक किंवा कॉइलची कड कुठेतरी धातूला टेकली आहे, म्हणजे शॉर्ट. नियंत्रक चिप असलेले यंत्र अशा वेळी चालू व्हायलाच नकार देते. पण चिप नसलेली, सेल आणि बटण यांपलीकडे काहीच नसलेली यंत्रेही बाजारात आहेत. त्यांत सेलचा सगळा प्रवाह अडवायला कोणी नसते. २०१८मध्ये फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्ग इथे व्हेपचा स्फोट होऊन एका माणसाचा जीव गेला. नवशिक्याने चिप नसलेल्या यंत्राला हातच लावू नये.

कापूस घालण्याआधी कॉइल कमी वॅटवर क्षणभर तापवून पाहायची. ती मधून लाल होऊन लाली दोन्ही कडांकडे सारखी पसरली, तर काम ठीक. एखादाच वेढा आधी लालबुंद झाला, तर वेढ्यांमधले अंतर कमीजास्त आहे. बटण सोडायचे आणि तार गरम असतानाच सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलकेच दाबायचे. असे काही वेळा केले की लाली समान होते. यामागे सुरेख रसायन आहे: तापलेल्या कँथलवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो, त्यातून वीज वाहत नाही. वेढे एकमेकांना चिकटलेले दिसले तरी वीज आडवी उडी न घेता पूर्ण तारेतून फिरते. कॉइलआधी पायच लाल होत असतील तर ते आखूड करावे लागतात, कारण पायांतली उष्णता ओढून घ्यायला तिथे ओली वात नसते.

आता वात. आपल्याकडे निरांजनासाठी सरकी काढलेल्या कच्च्या कापसाची फुलवात वळतात. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ लेप असतो. तूप त्याला आनंदाने भिजवते, पाणी नाही. व्हेपचा द्रव प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचा, म्हणजे पाण्याच्या जातीचा. त्याला मेण काढून टाकलेला, शोषक कापूसच लागतो.

तो किती घ्यायचा, याला वजनकाटा नाही. कॉइलमधून ओढताना कापूस थोडा अडखळावा, पण वेढे जागचे हलू नयेत, ही खरी मोजणी. फार ठासला तर तंतूंमधल्या वाटा चेपतात आणि द्रव पुढे सरकत नाही. फार सैल घातला तर कॉइल आणि वात यांच्यात पोकळी राहते. तिथे द्रव साचून घरघर ऐकू येते, आणि तापलेल्या तारेवर तो उसळला की गरम थेंब जिभेवर येतात. टोके कापून, चिमट्याने पिंजून द्रवाच्या खाचेत अलगद सोडायची, कोंबायची नाहीत. लांबीही महत्त्वाची. लुकास आणि वॉशबर्न यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की केशाकर्षणाने द्रवाने कापलेले अंतर वेळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. त्यात ग्लिसरीन खोलीच्या तापमानाला पाण्याच्या सुमारे १,४०० पट दाट. ते जितके जास्त, तितकी वात मंद. झुरक्यांवर झुरके ओढणाऱ्याला करपट चव येते ती यामुळेच: वातीला पुन्हा भिजायला उसंतच मिळत नाही.

वात ओली आहे तोवर तारेची उष्णता द्रवाची वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान उत्कलनबिंदूच्या आसपास रेंगाळते. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना. वात कोरडी पडली की हा लगाम सुटतो. कापूस काळवंडतो, आणि अतितप्त ग्लिसरीन मोडून ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड यांसारखी घातक रसायने तयार होतात.

याच मुद्द्यावर वैज्ञानिकांत जाहीर वाद झाला. जानेवारी २०१५मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कळवले की एका व्हेपमध्ये ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड देणारी संयुगे सापडली नाहीत, ५ व्होल्टला मात्र भरपूर सापडली. बातम्या जगभर गेल्या. त्याच वर्षी ग्रीक हृदयतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी ‘ॲडिक्शन’ या नियतकालिकात आक्षेप मांडला. त्यांनी अनुभवी व्हेपधारकांकडून आधी ठरवून घेतले की कोणत्या वॅटला झुरका कोरडा, असह्य होतो. फॉर्माल्डिहाइडसारख्या अल्डिहाइडचे प्रमाण तिथेच उसळले होते. त्याखाली ते कमी होते. त्यांचे म्हणणे, इतका करपट झुरका माणूस घेणारच नाही, प्रयोगशाळेतला पंप घेतो. आक्षेप रास्त आहे, पण सौम्य करपट चवीकडे दुर्लक्ष करून ओढत राहणाऱ्या नवशिक्याचा त्यात विचार नाही. चव जराही बदलली की थांबावे.

एकदा करपलेली वात पुन्हा भिजवून सुधारत नाही. ती काढून टाकायची. गोड द्रवांतली साखरेची पर्यायी द्रव्ये तारेवर काळा थर करतात. कँथलची कॉइल असेल तर वातीशिवाय कमी वॅटवर थोडी तापवून, थंड झाल्यावर पाण्याखाली धुऊन तो जातो. टायटॅनियमची तार अशी लाल करू नये. मग रोध पुन्हा तपासायचा, नवा कापूस ओवायचा आणि बटणाला हात लावण्याआधी तो पूर्ण भिजवायचा.

नवी कॉइल आणि नवी वात म्हणजे स्वच्छ वाफ, असा समज मात्र करून घेऊ नये. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१८मध्ये ५६ नियमित वापरकर्त्यांची उपकरणे तपासली. बाटलीतल्या द्रवात जे धातू नगण्य होते, ते कॉइलशी संपर्क आल्यावर वाफेत वाढलेले आढळले. त्यांत शिसे, निकेल आणि क्रोमियम होते. आणि जे वापरकर्ते कॉइल वारंवार बदलत होते, त्यांच्या वाफेत धातूंचे प्रमाण जास्त असण्याकडे कल दिसला.