पहिले वेल्डिंग मशीन घेताना

जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यावर टेम्पो किंवा पिकअप चालवणाऱ्याला विचारा, गाडीत आधी काय जाते? इंजिन नव्हे, पत्रा. चार महिन्यांचा पाऊस, चिखल आणि वळणावळणाला पिळली जाणारी बॉडी. फाळक्याचे बिजागर तुटते, कॅरिअरचा पाय सुटतो, फ्लोअर गंजून खालचा रस्ता दिसू लागतो. काम दहा मिनिटांचे असते, पण त्यासाठी गाडी वेल्डरच्या दारात उभी करायची, लाईट असली तर नंबर लावायचा, नसली तर उद्या यायचे. आठवडे बाजाराचा एक दिवस बुडाला म्हणजे काय होते, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. त्यामुळे घरीच एखादे लहान मशीन घ्यावे, असे अनेकांच्या मनात येते.

मी कापडाचा व्यापारी. लोखंडातले मला काय कळणार, असे कोणी म्हणेल तर ते खरेच आहे. पण या बाबतीतला माझा तजुर्बा पैसे मोजून घेतलेला आहे. माझा टेम्पो भाचा सांभाळतो. त्याचा हात चांगला आहे. २०१९ मध्ये तो म्हणाला, "मामू, दर वेळी दुसऱ्याच्या दारात उभे राहण्यापेक्षा आपणच मशीन घेऊ." मी एका दुकानातून सर्वांत स्वस्त दिसले ते उचलले. पाटीवर ३०० ॲम्पियर लिहिलेले, रंग चकचकीत, किंमत साडेसात हजार. दिवसा ते कसेबसे चालायचे, संध्याकाळी गावात दिवे लागले की रॉड पत्र्याला चिकटून बसायचा. दोन महिन्यांत आतून धूर निघाला. उघडून पाहिले तर तांब्याचे सांगितलेले वाइंडिंग ॲल्युमिनियमचे निघाले. आमच्या धंद्यात विरळ कापडाला मांड घालून भरदार दाखवतात आणि पहिल्या धुण्यात ते उघडे पडते. हाही तोच प्रकार होता. इतकी वर्षे ताक्याचे टोक चोळून माल घेणारा मी, पाटी वाचून फसलो!

मात्र सगळा दोष मशीनचा नव्हता. निम्मा आमच्या घरातल्या तारेचा होता, आणि हे आम्हाला फार उशिरा कळले. अडीच मिलिमीटरचा, म्हणजे बारा गेजचा रॉड चालवायला साधारण ८० ॲम्पियर लागतात. दहा गेजच्या, सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला शंभरच्या पुढे. हा झाला रॉडकडे जाणारा करंट. तेवढ्यासाठी साधे इन्व्हर्टर मशीन घरच्या २३० व्होल्टच्या लाइनवरून १४ ते १९ ॲम्पियर ओढते. आता शेड घरापासून ३० मीटरवर असेल आणि तिथपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची बारीक तार टाकली असेल, तर १८ ॲम्पियरला सुमारे १३ व्होल्ट तारेतच खपतात. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर पाचच व्होल्ट जातात. आपल्याकडे मुळात व्होल्टेज कमी, त्यातून हे तेरा गेले म्हणजे मशीनने करायचे काय? म्हणून दुकानात जाण्याआधी आठ दिवस सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर घरचे व्होल्टेज मोजून कागदावर लिहा. त्या कागदाएवढा चांगला मशवरा कोणताही दुकानदार देणार नाही. वीज बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तोही पाहून ठेवा.

हा कागद हातात असला की निवड सोपी होते. जुने ट्रान्सफॉर्मर मशीन मजबूत असते, वर्षानुवर्षे चालते, खेड्यातला कारीगरही ते दुरुस्त करतो. पण ते जड असते आणि करंट भरपूर खाते. सेकंडहँड स्वस्तात मिळणाऱ्या मशीनपैकी पुष्कळशी दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालणारी असतात. घरच्या सिंगल फेजला ती निरुपयोगी. मोह झाला तरी आधी हे विचारून घ्यावे.

माझ्या मते आपल्या भागात पहिले मशीन म्हणून लहान इन्व्हर्टर आर्क मशीनच घ्यावे. वजन सात-आठ किलो, खांद्याला अडकवून टेम्पोत टाकता येते. चांगल्यापैकी २०० ॲम्पियरचे मशीन सहा ते दहा हजारांत येते. पण २०० या आकड्याला भुलू नका. पाटीवर टक्के लिहिलेले असतात, ते वाचा. '२०० ॲम्पियर, ४० टक्के' याचा अर्थ दहा मिनिटांतली चार मिनिटे ते पूर्ण करंट देईल, सहा मिनिटे त्याला विश्रांती हवी. टक्के लिहिलेलेच नसतील तर मशीन तिथेच ठेवून या. इनपुटच्या ओळीत '२३० व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के' असेल तर १९५ च्या खाली त्याचा भरवसा नाही. तुमच्या कागदावर १८० लिहिलेले असेल, तर १६० पर्यंत चालणारे मॉडेल मागा. थोडे महाग पडेल, पण घ्या.

मंगलदास मार्केटात माल भरायला जातो तेव्हा जवळच्या नागदेवी स्ट्रीटवर चक्कर होतेच. हत्यारे आणि मशिनरीचा तो जुना बाजार. या वेळी मी तिथे क्लॅम्प मीटर घेऊन गेलो आणि दुकानदाराला सांगितले, "भाई, पाच मिलिमीटरच्या पट्टीवर बारा गेजचे तीन रॉड सलग जाळून दाखवा." एकाने टाळले, दुसऱ्याने हसत हसत दाखवले. बटन १०० वर आणि मीटरवर ७० असे एक मशीन तिथेच सापडले. होल्डरची केबलही वाकवून, टोकाला सोलून पाहिली. तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आता सर्रास विकले जाते. बिघडल्यास दुरुस्ती कुठे, मुंबईला की नाशिकला, हेही बिलावर लिहून घेतले. मोखाड्याच्या माणसाला नाशिक जवळ. ज्याचे सर्व्हिस सेंटर फक्त दिल्लीत, ते मशीन स्वस्त असले तरी महागच.

आता या मशीनने काय होणार नाही, तेही सांगतो. गाडीच्या बॉडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. नवशिक्याने त्यावर रॉड लावला की भोक पडलेच. त्याला तारेचे मिग मशीन लागते, ज्याला कारखान्यात सी.ओ.टू. मशीन म्हणतात. ते महाग, शिवाय गॅसचा सिलिंडर भरायला घाट उतरा. उघड्या शेडमध्ये वारा सुटला की गॅस उडून जातो आणि जोड जाळीदार होतो. बिनगॅसच्या, आत मसाला भरलेल्या तारेवर चालणारी लहान मशीन आता मिळतात, पण ती दुसरी पायरी. आधी कॅरिअर, फाळका, जाळी, अँगलची चौकट यावर हात बसू द्या. आठवी पास मुलाला आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स असतो. मुलगा लहान असेल तर मशीनपेक्षा तो आधी.

कमानीच्या पाट्याला, एक्सलला आणि स्टिअरिंगच्या भागाला मात्र घरी हात लावू नये. पाट्याचे पोलाद कडक असते, जोड दिसायला छान होतो आणि भरल्या गाडीखाली शेजारून तडकतो. गाडीचा मूळ बांधा बदलण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अडथळा आहे. पुढे लावतात त्या लोखंडी बंपर गार्डवर तर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरात बंदीचे आदेश काढले. घरच्या मीटरवर दुसऱ्यांची कामे पैसे घेऊन केली, तर २००३ च्या वीज कायद्याचे कलम १२६ लागू होते आणि दुप्पट दराने आकारणी होते. धंदाच करायचा असेल तर आधी वेगळे कनेक्शन घ्यावे.

मशीनच्या पैशांतच दीड-दोन हजार बाजूला काढा. अकरा नंबरची काळी काच, चामड्याचे हातमोजे, जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. कापडवाला म्हणून सांगतो, पॉलिस्टर अंगावर वितळून चिकटते. गाडीवर काम करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि अर्थचा क्लॅम्प जोडाच्या जवळच लावायचा. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्या जवळ जायचे नाही. रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ असते.

आमच्याकडे एकदा ठिणगी उडून कापडाच्या गठ्ठ्याच्या गोणपाटात शिरली. काम संपवून आम्ही जेवायला बसलो आणि वास आला. सहा ताके गेले, गोदाम वाचले. तेव्हापासून शेड गोदामापासून लांब आहे आणि काम झाल्यावर भाचा अर्धा तास तिथेच बसून राहतो, जवळ पाण्याची बादली आणि वाळू ठेवून.

नवे मशीन व्यवस्थित चालते आहे. टेम्पोचा फाळका, दुकानाची जाळी, शेजाऱ्याच्या पिकअपचे कॅरिअर, सगळे त्यावर झाले. फक्त जव्हारच्या पावसाळ्यात रॉड ओलावा धरतात आणि तडतडतात. म्हणून जूनपासून रॉडचा डबा स्वयंपाकघरात चुलीवरच्या फळीवर असतो. घरच्यांची त्याबद्दल तक्रार आहे, पण रॉड कोरडे राहतात.