अर्ध्या तिकिटाची रात्र

बेंगळुरूहून पुण्याला जायची आमची नेहमीची गाडी म्हणजे उद्यान एक्स्प्रेस. रात्री निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोचायचं. पहिल्या खेपेला सहा वर्षांच्या लेकाचं मी अर्धं तिकीट काढलं. वाटलं, लहानच आहे, मावेल कुठेतरी.

नियम नीट वाचलाच नव्हता. 21 एप्रिल 2016 पासून 5 ते 11 वर्षांच्या मुलाला अर्ध्या भाड्यात वेगळा बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण भाडं. पाच वर्षांखालच्या मुलाला बर्थ नको असेल तर तिकीटच लागत नाही. म्हणजे आम्ही चौघं आणि बर्थ दोन! बायको धाकटीला कुशीत घेऊन अंग चोरून पडलेली, मी लेकाच्या पायाशी रात्रभर बसलेलो. सकाळी आम्ही एकमेकांवर खेकसलो. मुलं आमची तोंडं बघत गप्प बसली होती. ते मला फार लागलं.

आता लेकाचा पूर्ण बर्थ घेतो, कपडे एक जोड कमी घेतले तरी चालेल. खाण्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सांडत नाही, विटत नाही. सकाळी लेकाला एक काम असतं: फेरीवाले कुठल्या स्टेशनापासून मराठी बोलतात ते ओळखायचं. मी सोलापूर म्हणतो. मागच्या खेपेला त्याने कलबुर्गीलाच हात वर केला. चहावाला खरंच मराठीत बोलत होता. पैज मी हरलो.