जुनी लक्झरी गाडी: किंमत उतरते, दुरुस्तीचा खर्च उतरत नाही

सियागंजात हळद घ्यायची तर पाच दुकानांत भाव विचारता येतो. एकाने चढा सांगितला, की शेजारचा उतरवतो. ठोक बाजाराची ही सवय आपल्या इंदूरकर घरांत मुरलेली आहे. हल्ली आपल्या मंडळींच्या दारात मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडीही दिसू लागल्या आहेत, पुष्कळदा सेकंडहँड. त्यांच्या सुट्या भागांना मात्र सियागंजाचा नियम लागत नाही. तो का, हे घेण्याआधी समजलेले बरे.

पहिले कारण म्हणजे दुसरे दुकानच नसते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही त्यांत होत्या. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती खुल्या बाजारात मिळू दिली जात नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपन्या अपिलात गेल्या, पण मुद्दा उघड झाला: एकच दार असले की भाव दारवालाच ठरवतो.

दुसरे कारण गाडीच्या रचनेत आहे. अँबेसेडरचा दिवा गेला की बल्ब बदलायचा. आजचा एलईडी हेडलाइट बंदिस्त असतो. आतले काही बिघडले तर बहुधा अख्खा बदलावा लागतो. पुढच्या काचेमागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. एअर सस्पेन्शनची रबरी पिशवी गळू लागली आणि दुर्लक्ष झाले, तर कॉम्प्रेसर सतत चालून तोही जळतो. शिवाय बाहेरून येणाऱ्या भागावर सीमाशुल्क लागते आणि त्यासकट रकमेवर जीएसटी.

इंदूरला भारी गाड्या नव्या नाहीत. १९३० च्या दशकात महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी अमेरिकन डुसेनबर्ग घेतली होती. ती बनवणारी कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. पण महाराजांच्या पाठीशी संस्थानाचा खजिना होता. आपल्या पाठीशी पेन्शन आणि मुलांचा पगार आहे.

म्हणून आम्हां बँकवाल्यांचा हिशेब सांगतो. समजा, नवी असताना ५० लाखांची असलेली गाडी आठ वर्षांनी १० लाखांना मिळाली. गाडीची किंमत उतरली, पण सुटे भाग अजून ५० लाखांच्या गाडीचेच आहेत. दोन लाखांची एक दुरुस्ती पहिल्या मालकासाठी किमतीच्या ४ टक्के होती; आपल्यासाठी २० टक्के. कर्जाच्या हप्त्यात हा खर्च कुठेच धरलेला नसतो.

विमा आहे ना, असे म्हणाल. विमा अपघाताचा असतो, झिजेचा नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापतात. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के. शून्य घसाऱ्याची जोड पॉलिसी जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. दुरुस्ती विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेली, की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. रक्कम ९ लाख असेल तर ही मर्यादा ६ लाख ७५ हजार. समोरून जोराची धडक बसली तर ती ओलांडायला वेळ लागत नाही. पावसात पाणी भरलेली गाडी सुरू करून इंजिन गेले, तर वेगळे इंजिन संरक्षण घेतलेले नसल्यास तो दावा सहसा नाकारला जातो.

घ्यायचीच असेल तर एवढे करावे. सर्व्हिसची पूर्ण नोंद मागावी. आपल्या मिस्त्रीकडून संगणकावर तपासणी करून घ्यावी. हेडलाइट, सस्पेन्शन, ब्रेक, गिअरबॉक्स आणि टायर यांचे भाव सौद्याआधी लेखी घ्यावेत. बॉश, झेडएफ यांसारखे उत्पादक कार कंपन्यांना पुरवतात तसे पुष्कळ भाग स्वतःच्या खोक्यातही विकतात. ते बहुधा स्वस्त पडतात, तेव्हा आवर्जून विचारावे. केंद्र सरकारच्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर वाहन कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहितीही पाहता येते.

आणि दुरुस्तीसाठी दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकावी. ती टाकणे जड जात असेल, तर ती गाडी आपल्याला जड आहे, हे सौद्याआधीच कळते.